ओट्यासमोरची वाट

योगिताने तांब्या तोंडाला लावला, घोटभर पाणी गालांत खळखळवलं आणि मोरीत टाकून दिलं. तहान गेली नाही, पण जीभ टाळ्याला चिकटायची थांबली. भाकरी थापायच्या आधी एकदा आणि दुपारची भांडी झाल्यावर एकदा असं तोंड ओलं केलं की दिवस निघतो, हे ती लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यातच शिकली होती. पाणी प्यालं की जावं लागतं. आणि दिवसा जाता येत नाही.

कोसाडच्या त्या वसाहतीत खोल्यांची एक लांब रांग होती. खोल्यांसमोर सलग सिमेंटचा ओटा, ओट्यासमोर अरुंद वाट आणि वाटेच्या टोकाला सार्वजनिक संडास. संडास पक्के होते. नळाला पाणी होतं, दारांना कड्या होत्या. प्लेगच्या साथीनंतर सुरतेत स्वच्छतेचं जे वारं सुटलं ते इथपर्यंत पोचलं होतं. मधूनमधून कोणीतरी येऊन फिनेलही टाकून जाई. तेव्हा योगिताची अडचण विटांची किंवा पाण्याची नव्हती. तिची अडचण ओट्यावर बसलेली होती.

तिचा सासरा शालिग्राम आणि नवरा हेमराज एकाच संचाखात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, उलटसुलट पाळ्या करत. शालिग्राम रातपाळीवरून परतला की चहा पिऊन ओट्यावर भिंतीला टेकून बसे आणि आखडलेले पाय वाटेत लांब सोडी. त्याची दिवसपाळी असली की त्या जागी चिंधाआप्पा असत. आप्पा नात्याने शालिग्रामचे थोरले चुलतभाऊ आणि सुरतेतल्या साऱ्या भाऊबंदांचे पंच. संचांच्या खडखडाटात उमर गेल्यामुळे त्यांचे कान कामातून गेले होते, म्हणून ते सगळ्यांशी ओरडूनच बोलत. दिवसाच्या कोणत्याही वेळी ओट्यावर कोणीतरी सासरा असेच. पाळ्या बदलत, ओटा रिकामा होत नसे.

"आम्हनामा वऊना हातमा डबा सासराले दिसत नही," सासू उषाबाईने लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तिला आपल्या अहिराणीत सांगितलं होतं. वऊ म्हणजे सून, आणि डबा संडासला न्यायचा. "पहाटे जानं. नही ते मंग अंधार पडावर."

"आनि मधमा लागनी ते, माय?"

"पानी कमी पेवानं."

शालिग्रामने सुनेला याविषयी कधी एक शब्द सांगितला नव्हता. त्याला असा काही नियम आहे हेही बहुधा ठाऊक नव्हतं. पहाटे घरातल्या बाया उठून कुठे जातात आणि दिवसभर का जात नाहीत, असा प्रश्न त्याला आयुष्यात पडला नव्हता. काही रूढी मारून मुटकून पाळून घेतल्या जातात. ही तशी नव्हती. तिला फक्त कोणीतरी वाटेत निवांत बसून राहावं लागे.

लग्नाला वर्ष होत आलं तेव्हा योगिताला आग सुरू झाली. लघवीला बसलं की चटका, उठलं की पुन्हा लागल्यासारखं. ओटीपोट दुखे, एकदा लालसर थेंबही दिसला. तिने आधी कोणाला सांगितलं नाही. मग भाकरी तव्यावर टाकून ती कमरेत वाकली आणि उषाबाईने पाहिलं.

वसाहतीजवळच्या डॉक्टरांनी लघवी कतारगामच्या लॅबला पाठवली आणि तोवर नॅलिडिक्सिक अ‍ॅसिडच्या गोळ्या दिल्या. गोळ्या संपल्या, आग गेली नाही. लॅबचा रिपोर्ट आला तो डॉक्टरांनी वाचून दाखवला: "कंई नथी. नॉर्मल छे." रोगजंतू आढळला नाही.

कोणत्याही घरात हे वाक्य ऐकून हायसं वाटतं. या घरात त्याचा आरोप झाला.

"परीक्षामा काहीच नही निंघनं," उषाबाई मुलाला म्हणाली. "गोया खाई खाई पोर थकनी. मंग आग कसानी शे? हाऊ माहेरतून लई येल रोग शे, हेमराज. पुरुषपायी व्हस तो."

हेमराज भाकरीचा तुकडा कुस्करत बसला. "असं नही वाटत माले," तो म्हणाला. पण आई ज्या आवाजात बोलली होती त्याच्या निम्म्या आवाजात. योगिता चुलीशी होती. तिच्यापर्यंत आईचं पोचलं, त्याचं पोचलं नाही.

गोष्ट चिंधाआप्पांकडे गेली. आप्पा ओरडून म्हणाले, "पुरावा आना पहिले! मंग सुटीना दिवस बठू. फारकत करू आनि पोरले तापीलाइननी पॅसेंजरमा बसाडी देऊ. दोंडाईचाले तिना बाप उतारी लेई." त्यांनी हे ओट्यावरून सांगितल्यामुळे रांगेतल्या शेवटच्या खोलीलाही कळलं.

*

कतारगामची ती लॅब हिऱ्यांच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर होती. खाली घंट्यांवर, म्हणजे घासायच्या चाकांवर, हिरे घासले जात आणि त्यांची घरघर टेबलावरच्या काचनळ्यांपर्यंत येई. अर्चना इथे नवीन होती. तिचे वडील बँकेत होते, घर अठवा लाइन्सच्या सुखवस्तू भागात, आणि सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी घेऊन तिला वर्षही झालं नव्हतं.

"बेन, हिची ती दुसरी तपासणी करायची," उषाबाई खिडकीशी वाकून म्हणाली. अहिराणी ती घरी ठेवून आली होती.

"दुसरी कोणती?"

"पुरुषाकडून येते ती. परमा."

बाकावर बसलेल्या योगिताने पदर आणखी पुढे ओढला. शेजारी बसलेल्या एका बाईने आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि थोडी सरकली.

"डॉक्टरांनी लिहून दिलीय?"

"दिलीय. मीच मागून घेतली. आधी तुमच्याकडेच लघवी तपासली ना? काहीच नाही म्हणालात. काही नाही तर मग दुखतं काय?"

अर्चनाला नाव वाचून पहिल्या नमुन्याची बशी आठवली, जंतू वाढवायची काचेची. तिच्यावर जंतूंच्या पांढऱ्या, गोल वसाहतींची दाट वाढ होती. मुख्य तंत्रज्ञाने ती लॅबच्या नेहमीच्या नियमाने टाकून दिली होती: पांढरा स्टॅफिलोकॉकस, कातडीवरचा, नमुना घेताना लागलेला. अर्चनाला तेव्हा एकच गोष्ट खटकली होती. हात लागून जंतू आला असेल तर त्याच्या जोडीला आणखी दोन-चार जातींचे यायला हवे होते. इथे एकाचंच राज्य होतं. पण ती नवीन होती, आणि बशी बादलीत गेली होती.

तिने रक्त घेतलं, काचपट्टीसाठी नमुना घेतला आणि योगिताच्या हातात बाटली दिली. योगिता आत गेली आणि रिकामी बाटली घेऊन परत आली.

"येत नही, ताई."

"सकाळपासून पाणी किती प्यालीस?"

योगिताने रिकामी बाटली पदराखाली घेतली. अर्चनाने माठातून दोन पेले भरून आणले, एक सुनेला, एक सासूला. उषाबाईने घोट घेतला, गालांत खळखळवला आणि बेसिनमध्ये टाकला. योगितानेही तेच केलं. दोघींची मान एकाच बाजूला, एकाच वळणाने झुकली.

"पाणी थुंकता का तुम्ही?" अर्चनाने विचारलं.

"सवय आहे," उषाबाई म्हणाली आणि पेला पालथा घालून ठेवला.

अर्चना योगिताला आतल्या खोलीत घेऊन गेली. पंखा लावला, स्टुलावर बसवलं, पेला पुन्हा भरला.

"हे पी. पूर्ण. मग थांबू आपण."

"इथं प्याले तर घरी गेल्यावर लागेल ना, ताई."

"घरी संडास नाही?"

"आहे की. चांगला आहे."

"मग?"

"ओट्यावर बाबा बसतात."

अर्चनाला अर्थबोध होईना. "बसू देत की!"

योगिता हसली. "ताई, तुमचं लग्न नाही झालं."

मग तिने सांगितलं. पहाट, अंधार, डबा, वाट, शालिग्रामचे पाय, चिंधाआप्पा. ती तक्रार करत नव्हती. पत्ता सांगावा तसं सांगत होती. अर्चनाने पुस्तकात वाचलं होतं की मूत्राशय वेळच्या वेळी रिकामं होणं हाच शरीराचा पहिला बचाव. जंतू वर चढतात आणि धार त्यांना खाली वाहून नेते. पण पुस्तकात ओटा नव्हता.

पेला रिकामा झाला. अर्चनाने नमुना कसा द्यायचा ते नीट समजावलं: आधी पाण्याने धुवायचं, पहिली धार सोडून द्यायची, मधली बाटलीत घ्यायची, झाकणाला आतून बोट लावायचं नाही. योगिता बाटली घेऊन दाराशी थबकली.

"ताई, मी तसली नाही."

"ते मी तपासत नाही," अर्चना म्हणाली. "तुला काय झालंय ते तपासते."

"मग काहीतरी सापडू द्या. आता पण नाही सापडलं तर सुटीच्या दिवशी बैठक बसवून मला घालवतील."

त्या दिवशी लॅबमध्ये आलेला प्रत्येक जण रिपोर्टमध्ये काही निघू नये म्हणून देवाला हात जोडून आला होता. काहीतरी निघू दे म्हणणारी ती एकटीच होती.

*

परम्याचा जंतू काचपट्टीवर नव्हता. रक्ताची तपासणीही स्वच्छ आली. अर्चनाला ठाऊक होतं की या दोन 'नाहीं'नी योगिताचं काही भलं होणार नाही. एका 'नाही'नेच तिला इथवर आणलं होतं.

बशीवर मात्र वाढ होती: तशीच पांढरी, तशीच दाट, तशीच एकट्या जातीची. सूक्ष्मदर्शकाखाली द्राक्षांच्या घोसासारखे जांभळे गोल दिसत होते आणि लघवीत पू-पेशी भरपूर होत्या.

स्टॅफिलोकॉकस हे मोठं कुटुंब आहे. त्यातला एक, ऑरियस, उघड गुंड. गळवं करतो, जखमा चिघळवतो. त्याची खूण अशी की रक्तद्रवात टाकला की तो द्रव गोठवतो. बाकीचे आपल्या सर्वांच्या अंगावर निमूटपणे राहतात. ते द्रव गोठवत नाहीत, म्हणून लॅबमध्ये त्यांना एकच नाव मिळतं आणि एकच बादली. बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. पण ही निमूट मंडळी संधीसाधू आहेत. कुठे बचाव ढिला पडला की त्यांतला एखादा आत शिरतो, आणि तोही निमूटच.

अर्चनाने रक्तद्रवाची नळी तिरपी केली. द्रव पाण्यासारखा वाहिला. गोठला नव्हता.

"पांढरा स्टॅफ? फेक," डॉ. श्रीरंग दिघे नळीकडे पाहून म्हणाले. लॅब त्यांची होती. माणूस सज्जन, पण सकाळपासून चष्मा कपाळावर आणि जेवणाचा डबा उघडायला फुरसत नाही.

"सर, दोन्ही वेळा हाच आलाय. दुसरं काहीही नाही. आणि पू आहे."

"दोन्ही वेळा बोट लागलं असेल. अगं, कातडीवरचे जंतू आपण रोग म्हणून लिहायला लागलो तर डॉक्टर मंडळी निम्म्या सुरतेला गोळ्या चारतील."

"खरं आहे सर. म्हणूनच नोव्होबायोसिन लावून बघू या का? त्या औषधाला दबतो की नाही, यावर जात कळेल."

"ती चकती आपल्याकडे नाही."

"मी कॉलेजातल्या बाईंकडून मागून आणलीय."

डॉक्टरांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "आणलीच आहेस, तर विचारतेस कशाला?"

तिने एका बशीवर मधोमध रेघ ओढली. एका बाजूला योगिताच्या नमुन्यातला जंतू पसरला, दुसऱ्या बाजूला स्वतःच्या कोपरापासून मनगटापर्यंत ओला बोळा फिरवून वाढवलेला. दोन्हींवर नोव्होबायोसिनची एकेक चकती ठेवली आणि बशी उबवणीच्या पेटीत ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी तिने ती खिडकीच्या उजेडात धरली. स्वतःच्या हातावरच्या जंतूभोवती स्वच्छ, रुंद कडं पडलं होतं. औषधाने त्याला मागे रेटलं होतं. योगिताच्या बाजूला कडं जवळजवळ नव्हतंच. पांढरी वाढ चकतीच्या काठाला जाऊन भिडली होती. दिसायला दोघे सारखे, वागायला वेगळे. तरुण बायकांच्या मूत्राशयात घर करणारा तो, स्टॅफिलोकॉकस सॅप्रोफिटिकस, असाच ओळखतात. आणि नॅलिडिक्सिक अ‍ॅसिडचं या जातीला काहीच वाटत नाही, म्हणून पहिल्या गोळ्या वाया गेल्या होत्या.

डॉ. दिघ्यांनी बशी हातात घेऊन फिरवली. "हा दुसरा कोणाचा?"

"माझ्या हातावरचा."

"छान सांभाळलायस." ते हसले, मग हसू ओसरलं. "हा परमा नव्हे. हा बाईच्या स्वतःच्या अंगावर राहणारा. नव्या लग्नात आत ढकलला जातो, लघवी अडवली की मुक्काम ठोकतो. कोणाही चांगल्या घरच्या मुलीला होईल. कोट्रायमॉक्साझोलने जाईल, मी त्यांच्या डॉक्टरांना फोन करतो. भरपूर पाणी, आणि अडवायचं नाही. चकत्यांचं एक पाकीट मागव. यापुढे पू असेल आणि पांढरा एकटाच वाढला असेल, तर ही लावल्याशिवाय फेकायचा नाही."

"आणि सुटीच्या दिवशी त्यांची बैठक आहे, सर. मी जाणार आहे."

"ते नको. आपण नाव सांगतो, अर्चना. न्याय आपलं काम नाही."

"आपण नाव सांगितलं नाही, म्हणूनच तिथे न्याय बसलाय, सर."

डॉक्टरांनी जेवणाचा डबा उघडला आणि तसाच पुन्हा लावला.

*

गोळ्या सुरू झाल्या आणि आग ओसरू लागली. बैठक मात्र टळली नव्हती; परमा निघाला की नाही, ते आप्पांना भाऊबंदांसमोर ऐकायचं होतं. शिवाय या औषधाला एक पथ्य होतं. हेमराजने ते डॉक्टरांकडून ऐकून घरात सांगितलं: पाणी भरपूर प्यायचं आणि अडवून धरायचं नाही.

"रातले पी पानी," उषाबाई म्हणाली.

"रातनं पानी रातले निंघी जास, माय," योगिता म्हणाली. "दिनना काय?"

सून पहिल्यांदाच उलटून बोलली होती, आणि बोलली ते खरं होतं.

संचाखात्याला सुटी होती त्या सकाळी ओटा भरला. भिंतीशी शालिग्राम, पाय वाटेत लांब. त्याच्या शेजारी चिंधाआप्पा, पलीकडे आणखी काही भाऊबंद, कडेला मान घालून हेमराज. सगळ्यांचे पाय ओट्यावरून वाटेत लोंबत किंवा पसरलेले. बाया दारांच्या आत. पॅसेंजर दुपारची होती आणि योगिताची पेटी कोणीतरी आधीच दाराशी आणून ठेवली होती.

रिक्षातून अर्चना उतरली. आप्पांनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"लॅबवाली बेन ना तुम्ही? बसा. परमा निंघना का नही?"

"नाही निघाला, आप्पा."

"मंग काय निंघनं?"

"लघवीतला जंतू."

"काय? कसाना?"

"लघवीतला!" अर्चना ओरडली. तो शब्द रांगेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला. पोरं फिदीफिदी हसली. शालिग्राम खाली पाहू लागला.

"हाई बायासनं बोलनं, बेन," आप्पा चिडले. "घरमा जाई बोला. ओटावर कशाले?"

"कारण रोग ओट्यावर बसलाय, आप्पा. हिच्या अंगात तो नंतर गेला."

ओट्यावर कुजबुज झाली. अर्चनाने हात ओढणीत गुंडाळले आणि आवाज तसाच मोठा ठेवला. "हा जंतू बाहेरून कोणी दिलेला नाही. हिच्या माहेरचा नाही, कोणा परक्या पुरुषाचा नाही. असले जंतू सगळ्यांच्या अंगावर असतात. माझ्या हातावर आहेत, मी पाहिलेत. तुमच्याही आहेत."

"मना हातवर?" आप्पांनी तळहात उलटसुलट करून पाहिला. आतून एक बाई खुदकन हसली.

"मंग आम्हले का नही व्हस हाऊ रोग?"

"तुम्हाला लागली की तुम्ही उठता, आप्पा."

आता कोणी हसलं नाही.

"ही पहाटेपासून रात्रीपर्यंत अडवून धरते. पाणी तोंडात घेऊन थुंकते. का, ते विचारा घरात."

शालिग्रामने मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, गोंधळ होता. "मी तिले कधी ना म्हनं का? मी तिले आजपावत काहीच सांगं नही, बेन. ईचारा तिले."

"काहीच सांगितलं नाहीत, काका, खरं आहे. मग आज सांगा. एवढंच म्हणा, पोरी, तुला हवं तेव्हा जा."

शालिग्रामने तोंड उघडलं. घशापर्यंत शब्द आला असावा. पण सासऱ्याने सुनेला, चारचौघांत, असलं कसं म्हणावं? ज्या लाजेने सुनेचे पाय बांधले होते तिनेच त्याची जीभ बांधली होती. त्याने तोंड मिटलं.

"बास व्हयनं," आप्पा म्हणाले. "परमा नही ते नही. पन वऊनी लाज सोडी का? लाज गयी ते घर गयं. शिकेल पोरी येतस आनि—"

दार वाजलं. योगिता बाहेर आली. डोक्यावर पदर होता, पण कपाळापर्यंतच. हातात प्लॅस्टिकचा लाल डबा, काठोकाठ भरलेला. सकाळपासून ती तीन तांबे पाणी प्याली होती, प्याली म्हणजे खरोखर गिळून, आणि आता थांबणं शक्य नव्हतं. थांबायचं नाही, हे तर ती पहिला तांब्या उचलतानाच ठरवून बसली होती.

"बाबा, मी संडासले जास," ती म्हणाली. आवाज कापला, पण शब्द पुरा झाला.

"हेमराज!" आप्पा गरजले. "तुनी बाईले आवर!"

हेमराज उठला. सगळ्यांना वाटलं तो आता तिचा दंड धरणार. तो जागचा हलला नाही. "तिले लागनी शे, आप्पा," तो म्हणाला. या वेळी आवाज निम्मा नव्हता. योगिताला तो ऐकू आला.

ती निघाली. दोन खोल्या पार झाल्या आणि ती थबकली. समोर शालिग्रामचे पाय होते, वाट अडवून पसरलेले, आणि त्यांच्यापुढे आप्पांचे. वडीलधाऱ्याचे पाय सून ओलांडत नाही. डबा हातात धरणं निराळं आणि पाय ओलांडणं निराळं. तेवढं तिच्याने होईना. डब्यातलं पाणी हिंदकळून तिच्या पावलांवर सांडलं. शालिग्राम स्वतःच्याच पायांकडे पाहत राहिला, जणू ते दुसऱ्या कोणाचे होते आणि हलवायचे कसे हे त्याला ठाऊक नव्हतं. आप्पांनी मात्र मुद्दाम हलवले नाहीत.

अर्चना पुढे होणार, तेवढ्यात मागे दार पुन्हा वाजलं.

उषाबाई बाहेर आली. तिच्याही हातात डबा होता, जुना, पत्र्याचा, कडा गंजलेला. लग्न होऊन आली तेव्हापासून भर दिवसा तो डबा कोणाला दिसला नव्हता. या रांगेतून चालताना तिच्याही ओटीपोटात कळ येत असे आणि ती भिंतीला हात धरून थांबत असे. ते तिने कोणाला सांगितलं नव्हतं, डॉक्टरला नाही, नवऱ्याला नाही. सुनेला तर उलट तीच कळ तिने शिकवली होती. लॅबमधल्या बेसिनवर दोघींच्या माना एकदम झुकल्या, तो क्षण तिला त्या दिवसापासून टोचत होता.

ती सुनेच्या बरोबरीने येऊन उभी राहिली. पदर सावरला नाही.

"पाय जवळ ल्या, हेमराजना बाबा," ती म्हणाली. "वाट शे ती."

शालिग्रामने पाय जवळ घेतले.

"तुम्हीबी, आप्पा."

"उषा! तूबी?"

"माले बी लागनी शे, आप्पा! तीस वरीस व्हयनात लागेल!"

तिला ओरडावं लागलं, कारण आप्पांना कमी ऐकू येतं. रांगेतल्या प्रत्येक दारात ते ऐकू गेलं. कोणत्याशा खोलीत भांडं खाली पडलं. आप्पांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं; त्यांच्या बाजूने बोलायला कोणी उठलं नाही. मग त्यांचे ते म्हातारे, सुजलेले पाय हळूहळू ओट्याकडे सरकले. पुढच्याने न सांगताच घेतले. त्याच्या पुढच्यानेही.

दोघी वाटेच्या टोकापर्यंत गेल्या. दोन दारं उघडली आणि आतून कड्या लागल्या. ओट्यावर कोणी कोणाकडे पाहत नव्हतं. हेमराज दाराशी गेला, योगिताची पेटी उचलली आणि आत नेऊन ठेवली.

बैठक झाली नाही. दुपारची पॅसेंजर तिच्या वेळेला उधन्याहून सुटली आणि जिला दोंडाईचाला उतरायचं होतं ती मुलगी कोसाडमध्ये मोरीशी उभी राहून तांब्याने घटाघट पाणी पीत होती.

वाचकहो, अर्चनाने जंतूचं नाव शोधलं. ते तिचं काम होतं. पण लक्षात घ्या, त्या ओट्यावर दुष्ट असं कोणीच बसलेलं नव्हतं. सगळे नुसते निवांत बसले होते. आज संध्याकाळी तुम्हीही चहाचा पेला घेऊन दाराशी, गॅलरीत, पारावर निवांत बसाल. बसा. फक्त एकदा खाली वाकून पाहा, आपले पाय कोणाच्या वाटेत आहेत.